स्पेसडॉकच्या दारात

(दृश्य : काळा पडदा. संगणकाच्या पंख्याची बारीक घरघर. मग कीबोर्डचा आवाज.)

२३ जून २०१५, मंगळवार. पुण्यात सकाळ, म्हणजे अमेरिकेत सोमवारची रात्र. 'स्टार ट्रेक' या अंतराळजहाजांच्या अमेरिकन मालिका-सिनेमांवरचा संगणकावरचा खेळ म्हणजे 'स्टार ट्रेक ऑनलाइन'; तो खेळणाऱ्यांची ही ऐन गर्दीची वेळ. ऑफिसला निघायच्या आधी अर्धा तास खेळायची मला सवय होती. लॉगिन केलं. चॅटची खिडकी नेहमीसारखी धावत होती. कुणी जहाजाचे सुटे भाग विकतंय, कुणी टीम जमवतंय, कुणी क्लिंगॉन भारी की रोम्युलन भारी (दोन्ही स्टार ट्रेकमधल्या परग्रहवासी जमाती) यावर भांडतंय. त्यातून एक ओळ वर सरकून गेली : जेम्स हॉर्नरचं विमान पडलं.

विमान पडलं, एवढंच. कॅलिफोर्नियात कॅमारिलोच्या विमानतळावरून सकाळी एक शॉर्ट टुकानो उडालं होतं. एका इंजिनाचं, वैमानिकांना शिकवण्यासाठी बनवलेलं विमान. ते लॉस पाड्रेसच्या राष्ट्रीय वनात कोसळलं. विमान हॉर्नरच्या मालकीचं होतं आणि आत एकच माणूस होता. तो माणूस कोण, हे अधिकृतपणे जाहीर व्हायला मात्र वेळ लागला. दवाखान्यातून फोन येतो, 'तब्येत जरा जास्त आहे, निघून या,' आणि फोन घेणाऱ्याला सगळं कळतं, तसं चॅटमध्ये झालं होतं. कळलं सगळ्यांना, पण 'गेला' हा शब्द आधी कुणी लिहायचा?

(दृश्य : खेळातली पृथ्वी. तिच्या कक्षेत फिरणारं, आळंबीच्या आकाराचं प्रचंड स्पेसडॉक, म्हणजे अंतराळजहाजांची गोदी.)

हॉर्नर कोण, ते सांगतो. नाव माहीत नसलं तरी तुम्ही त्याला ऐकलेलं आहे. १९९८ मध्ये 'टायटॅनिक' आपल्याकडे लागला, तेव्हा ज्या सुरावटीने लोकांना रडवलं ती त्याची. दोन ऑस्कर त्याच सिनेमाचे. 'ब्रेव्हहार्ट', 'अपोलो १३', 'अवतार' हेही त्याचेच. आपल्या रेडिओवर गाणं लागायच्या आधी गायक, गीतकार, संगीतकार अशी तीन नावं सांगायची पद्धत, त्यामुळे संगीतकार आपल्याला घरचा वाटतो. पण जिथे गाणंच नाही, नुसते सूर आहेत, तिथे त्याचं नाव कोण घेणार? आपण त्याला शब्दसुद्धा कसा ठेवलाय बघा : पार्श्वसंगीत. माणूस आधीच मागे नेऊन बसवलेला.

स्टार ट्रेकवाल्यांसाठी मात्र तो मागे नव्हता. त्यांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या सिनेमाचं संगीत त्याचंच.

त्याच वर्षी २७ फेब्रुवारीला लिओनार्ड निमॉय गेला होता. स्टार ट्रेकमधला मिस्टर स्पॉक साकारणारा नट. तेव्हा काय करायचं, हे कुणाला सांगावं लागलं नाही. खेळात व्हल्कन नावाचा ग्रह आहे, स्पॉकचं गाव म्हणा. खेळाडू आपापली पात्रं घेऊन तिथे जमले. फेडरेशनचे (पृथ्वीवाल्यांच्या बाजूचे) गणवेश, क्लिंगॉन चिलखतं, एकमेकांचे शत्रू शेजारी शेजारी उभे. त्याची छायाचित्रं जगभरच्या बातम्यांत आली. खेळात निमॉयचा आवाजही आहे, त्यामुळे बढती मिळाली की गेलेला माणूस कानात बोलायचा. पुढे खेळाच्या निर्मात्यांनी व्हल्कनवर त्याचं स्मारकही उभं केलं. तिथे जाऊन पात्राला उभं करायचं, मान झुकवायची, दोन मिनिटं थांबायचं. शोकसभेला लागतं ते सगळं होतं : जागा, चेहरा, माणसं.

हॉर्नरसाठी जायचं कुठे? त्याचा ग्रह नाही. पुतळा करायचा तर कुणाचा? आणि खरी गंमत, गंमत म्हणवत नाही पण, या खेळाचं संगीत हॉर्नरचं नाहीच. ते दुसऱ्या संगीतकाराने खेळासाठी वेगळं रचलेलं आहे. म्हणजे ज्याच्यासाठी सगळे हळहळत होते, त्याचा एक सूरही तिथे वाजत नव्हता.

(दृश्य : जुन्या गोदीची रेखाटनं. शिडाची जहाजं.)

१९८२ ची गोष्ट. स्टार ट्रेकच्या पहिल्या सिनेमावर स्टुडिओने चार कोटी डॉलरहून जास्त उधळले होते. दुसऱ्याच्या वेळी हात आखडला, जेमतेम सव्वा कोटी. पहिल्याचा संगीतकार जेरी गोल्डस्मिथ परवडेना, म्हणून शोधाशोध झाली आणि २८ वर्षांचा हॉर्नर सापडला. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकलेला, पण तोवर रॉजर कॉर्मनच्या स्वस्तातल्या सिनेमांना संगीत देणारा. हातात साधारण साडेचार आठवडे. दिग्दर्शक निकोलस मायरला अंतराळात समुद्र हवा होता. शिडं, वारा, तोफा. (हाच मायर पुढे सांगायचा की सहाव्या सिनेमाच्या वेळी हॉर्नरही परवडेनासा झाला होता.)

पैसे वाचवायला आणखी एक उद्योग केला. एन्टरप्राइज, म्हणजे स्टार ट्रेकच्या नायकांचं जहाज, गोदीतून बाहेर पडते ती पहिल्या सिनेमातली दृश्यं बऱ्याच अंशी तशीच उचलून दुसऱ्यात टाकली. जहाज तेच, दिवे तेच, फक्त संगीत नवं. पार्श्वसंगीत काय करतं, हे समजून घ्यायला याहून चांगला धडा मला तरी माहीत नाही. दोन्ही प्रसंग लागोपाठ बघा. गोल्डस्मिथच्या सुरात तुम्ही देवळासमोर उभे असता, हात जोडून, सावकाश. हॉर्नरचे हॉर्न सुरू झाले की दोर सुटतो, पायाखालची फळी हलते आणि जहाज पाण्याला लागतं. फ्रेम तीच, पण एकीकडे दर्शन, दुसरीकडे प्रवास.

त्या सिनेमात हॉर्नर क्षणभर दिसतोही, एन्टरप्राइजवरचा एक प्रशिक्षणार्थी म्हणून. पापणी लवली तर निसटेल इतकाच.

त्याच्या खोडीही सांगायला हव्यात, नाहीतर ही आरती होईल. हॉर्नर स्वतःचंच संगीत परत परत वापरायचा. त्याचा एक चार सुरांचा तुकडा आहे, संकट आलं की पितळी वाद्यांतून गुरगुरणारा. रखमानिनोव्ह या रशियन संगीतकाराच्या पहिल्या सिम्फनीशी त्याचं नातं जाणकार दाखवतात. 'विलो'त तो आहे, 'ट्रॉय'मध्ये आहे, 'अवतार'मध्ये आहे. चाहते तो मोजायचे, टर उडवायचे. आमच्या फ्लीटमध्ये (खेळातल्या टोळीला फ्लीट म्हणतात) तर शत्रूची जहाजं दिसली की कुणीतरी ते चार सूर अक्षरांत टाइप करायचं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ही म्हण एरवी सहज तोंडात आली असती. त्या आठवड्यात नाही आली. उलट सगळ्यांना तोच तुकडा ऐकायचा होता.

(दृश्य : स्पेसडॉकची बंद दारं, जवळून.)

जागा नाही असं मघाशी म्हणालो, पण आहे. आमच्या फ्लीटमधल्या एका कॅनडावाल्याने दाखवून दिली.

हे स्पेसडॉक पहिल्यांदा दिसलं ते तिसऱ्या सिनेमात, १९८४ साली. दिग्दर्शक लिओनार्ड निमॉय, संगीत जेम्स हॉर्नर. चार महिन्यांच्या आत दोघेही गेले. त्या सिनेमात एन्टरप्राइजचा कप्तान राहिलेला कर्क आणि त्याचे म्हातारे होत चाललेले मित्र स्वतःचंच जहाज चोरून नेतात. एन्टरप्राइज मोडीत काढायची ठरली आहे, स्पेसडॉकची दारं बंद आहेत आणि जहाज सरळ दारावर चाललं आहे. या चोरीवर आठ मिनिटांहून मोठा तुकडा आहे. सुरुवातीला चोरपावलं, मग अंगात येणारा चेव. दार उघडतं की नाही, हे डोळ्यांच्या आधी कान सांगतात.

म्हणजे खेळात ज्या स्पेसडॉकवर आम्ही रोज उतरायचो, भंगार विकायचो, गप्पा हाणायचो, तीच त्याची जागा होती. आमच्या लक्षात आलं नव्हतं इतकंच.

मी सेटिंग्जमध्ये गेलो आणि खेळाचं संगीत शून्यावर आणलं. दुसऱ्या खिडकीत हॉर्नरचा तुकडा लावला. तिकडे कॅनडावाल्याने त्याच्या घरी लावला. दोघांचं नेट असं की सूर काही एकत्र पडले नसणार. खेळात दारातून बाहेर पडायची सोयच नाही, स्पेसडॉक सोडलं की जहाज थेट बाहेरच येतं. म्हणून आम्ही वळसा घालून दारांसमोर गेलो. दारं बंदच होती. तिथे आणखी काही जहाजं थांबलेली होती. ती कशासाठी थांबली होती, कोण जाणे. कुणी जेवायला उठलं असेल. विचारलं नाही.

तुकडा संपत आला तसं जहाज वळवलं, वेग पूर्ण वाढवला. पृथ्वी मागे राहिली. चॅटमध्ये कुणीतरी विचारत होतं : चौघं झालोय, पाचवा येतंय का कुणी?

ऑफिसची बस निघायला अजून वीस मिनिटं होती. मी 'येतो' म्हणालो. संगीत शून्यावरच होतं.