सोयाबीनच्या गाठीतला प्राणवायू

(दृश्य: काळ्या रानातलं सोयाबीन. उपटलेलं झाड, मुळं जवळून.)

पेरणीला दीड महिना झालेलं हे झाड. माती झटकली की मुळांवर बारीक गाठी दिसतात. एक गाठ नखानं फोडून बघा. आतून गुलाबी-लाल निघाली, तर ती कामावर आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली, तर तिच्याकडून फारशी आशा नको.

हा लाल रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा.

गाठीत ब्रॅडीरायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. हवेतल्या नत्राचा ते अमोनिया करतात, नायट्रोजनेज या विकराच्या जोरावर. या विकराचं प्राणवायूशी उभं वैर. तो लागला की ते कायमचं निकामी. पण नत्राचा एक रेणू फोडायला निदान १६ एटीपी, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेची नाणी, मोजावे लागतात. एवढी ऊर्जा श्वसनाशिवाय येणार कुठून? आणि श्वसनाला तर प्राणवायूच हवा!

लेगहिमोग्लोबिन प्राणवायूला धरून जिवाणूंपर्यंत पोचवतं, मोकळा फिरू देत नाही. त्यामुळे गाठीत मोकळा प्राणवायू उघड्यावरच्या पाण्यापेक्षा हजारो पटींनी कमी असतो. एवढ्या टंचाईत जिवाणूचं मातीतलं नेहमीचं श्वसन-प्रथिन पुरं पडत नाही. मग तो ठेवणीतलं काढतो: सायटोक्रोम सीबीबी-३ ऑक्सिडेज. अवघ्या ७ नॅनोमोलर, म्हणजे अत्यंत विरळ, प्राणवायूतही हे प्रथिन निम्म्या वेगानं चालतं. झुरिकच्या संशोधकांनी १९९६ साली हे मोजून दाखवलं. त्याआधी त्यांनी या प्रथिनाची जनुकं बिघडवूनही पाहिली होती. मुळांवर गाठी आल्या, नत्र मात्र बांधला गेला नाही.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली ॲझोटोबॅक्टर.)

हा ॲझोटोबॅक्टर, मातीत मोकळा राहून नत्र बांधणारा जिवाणू. याला ना गाठीचा आडोसा, ना लेगहिमोग्लोबिन. याचा कारभार उधळा! सायटोक्रोम-बीडी हे प्रथिन वापरून आत शिरणारा प्राणवायू तो झपाट्यानं संपवतो. त्यात कर्ब भरमसाट जळतो आणि पदरात ऊर्जा कमी पडते. पण विकर वाचतं.

(दृश्य: पाणी साचलेलं शेत, पिवळी पानं.)

प्राणवायू विकराला घातक, म्हणून गाठींना हवा नको असं मात्र नाही. भारी जमिनीत पाणी तुंबलं की मातीतली हवा हटते, गाठींचं श्वसन अडतं आणि नत्राचा पुरवठा थांबतो. पानं पिवळी पडायला तेही एक कारण. अशा वेळी युरियाची गोणी फोडण्याआधी चर काढून पाणी बाहेर घालवलेलं बरं.