बाळ्याचा वळसा

श्रोतेहो, नमस्कार. आपले कुत्रे किंवा मांजर म्हातारे झाले आहे, हे आपल्याला सहज कळते. पण ते त्याचे त्याला कळते का, हा आजचा प्रश्न आहे.

गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरी बाळ्या नावाचा एक गावठी कुत्रा होता. कोकणातल्या कुत्र्याला टॉमी म्हणून हाक मारण्याची हौस मला कधी समजली नाही, असो. आमच्या खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, कडेने चिऱ्याचा कमरेएवढा गडगा होता आणि त्याच्या पलीकडे पाणंद. वडील शाळेतून साडेपाचच्या एस. टी.ने परतत. वळणावर गाडीचा हॉर्न वाजला, की पडवीत पेंगणारा बाळ्या उठून एका झेपेत गडगा ओलांडी आणि वडिलांना थांब्यावरच गाठी. बेड्यातून, म्हणजे फाटकातून, वळसा घालून जाण्याचे कष्ट त्याने अकरा वर्षांत कधी घेतले नाहीत.

बाराव्या वर्षी, पावसाळ्याच्या सुरुवातीला, त्याचे मागचे पाय शेवाळलेल्या चिऱ्यावरून निसटले आणि तो खळ्यातच आपटला. दुसऱ्या दिवशी हॉर्न वाजल्यावर तो नेहमीप्रमाणे गडग्यापर्यंत धावला, तेथे थांबला, पुढचे दोन्ही पाय चिऱ्यावर टेकवून क्षणभर वर पाहत राहिला, मग पाय खाली घेऊन निमूटपणे बेड्याकडे वळला. त्या वळशात इतका वेळ गेला, की वडील त्याला अर्ध्या पाणंदीत भेटले. असे चार-पाच दिवस झाले. पुढच्या आठवड्यात आईच्या लक्षात आले, की चहासाठी ती स्टोव्हला पंप मारू लागली, की हॉर्नची वाट न पाहता बाळ्या उठतो आणि सावकाश चालू लागतो. गाडी यायच्या आत तो थांब्यावर बसलेला असे. मी म्हटले, त्याला ऐकू कमी येत असेल. आई म्हणाली, "त्याला सगळं कळलंय. गुडघे काय सांगतात, ते मला विचार."

आता शास्त्र काय म्हणते, ते थोडक्यात सांगतो. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन गॅलप यांनी 1970 साली चिंपांझींपुढे आरसा ठेवून आत्मभानाची, म्हणजे आरशातले रूप आपलेच हे ओळखण्याची, जी परीक्षा मांडली, तिच्यात कुत्री नापास होतात. पण ज्याचे जग नाकात आहे, त्याला आरसा दाखवून काय उपयोग? 2017 साली न्यूयॉर्कमध्ये श्वानवर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी कुत्र्यांना त्यांच्याच लघवीचा वास दिला, तेव्हा त्यात दुसरा वास मिसळलेला असला की ती तो अधिक वेळ हुंगत राहिली, जणू आपला वास बदलला हे त्यांच्या ध्यानात आले. बुडापेस्टच्या संशोधकांनी 2021 साली चटईला खेळणे बांधले आणि कुत्र्याला चटईवर उभे करून ते आणून द्यायला सांगितले. आपलेच वजन आड येते, हे ओळखून कुत्री चटईवरून खाली उतरली. म्हणजे आजचे शरीर त्यांना कळते. पुन्हा सांगतो, आजचे शरीर कळते. मात्र कालच्या झेपेशी त्याची तुलना करून "मी म्हातारा झालो" असे त्यांच्या मनात येते, हे कोणत्याही प्रयोगाने दाखवलेले नाही.

आपण मात्र वयाचे नाव पुढे करून मोकळे होतो. बारा वर्षांवरच्या मांजरांची क्ष-किरण छायाचित्रे तपासली, तेव्हा दर दहांतील नऊ मांजरांच्या सांध्यांत झीज दिसली होती. फळीवर उडी मारणे सोडलेली मांजर शहाणी झालेली नसते, तिचे सांधे दुखत असतात, आणि त्या दुखण्यावर पशुवैद्याकडे उपचार असतात. तिला माणसांची औषधे देऊ नयेत. पॅरासिटामॉल मांजराला विषासारखे असते. त्यातून घरोघरी आलेल्या त्या आरशासारख्या फरश्या म्हणजे म्हाताऱ्या पायांचे, जनावरांच्या आणि माणसांच्याही, उघड वैर आहे. आमचे सारवलेले खळे बाळ्याला शेवटपर्यंत धरून होते.

पुढच्या वर्षी वडील निवृत्त झाले. साडेपाचला ते घरातच असत; तरीही स्टोव्हचा पंप सुरू झाला, की बाळ्या उठून बेड्याकडे चालू लागे. मग वडील हातातले वर्तमानपत्र ठेवून, खुंटीवरची पिशवी घेऊन मागीलदारी उतरत आणि आगरातून वळसा घालून पाणंदीने समोरून येत.