चर्चमधली पोरं आणि मोठ्यांचा हिशोब

नमस्कार मंडळी, आणि आपल्या ख्रिस्ती घरांमधून ऐकणाऱ्या सगळ्यांना सलाम. नाशिकहून रेडिओवर बोलतेय. आजचा विषय जरा भारीच दिलाय मला, नैतिक आचरण आणि त्याचा चर्चमधल्या तरुणांवर होणारा परिणाम. आता हे ऐकल्या ऐकल्या निम्मे जण म्हणणार की झालं, आता ही बाई मोबाईलवर घसरणार, मग रील्स, मग पोरांचे केस, मग मुलींच्या जीन्स. नाही घसरणार. ते सगळं तुम्ही दर रविवारी ऐकताच आणि पोरांनी तर त्याला कधीच म्यूट केलंय.

मी बरीच वर्षं संडे स्कूल घेते, तरुण संघातही असते, म्हणून जे दिसतं ते बोलते. आपल्याकडे नैतिकता म्हटलं की सगळ्यांच्या माना मुलींकडे वळतात. कोण कोणाबरोबर सोमेश्वरच्या धबधब्यावर दिसली, कोणाची बाही किती आखूड. पण चर्चच्या शिपायाशी आपण कसं बोलतो, चर्च कमिटीच्या पंचांच्या निवडणुकीच्या आदल्या रात्री कोणाच्या घरी बिर्याणी होते, दोन सख्खे भाऊ एकाच रांगेत प्रभुभोजन घेतात आणि बाहेर पार्किंगमध्ये एकमेकांचं तोंड बघत नाहीत, हे कुठल्याच उपदेशात येत नाही. पोरं मात्र नेमकं हेच बघत असतात.

सुगीच्या सणाचंच घ्या. कुठल्या मंडळीचं, म्हणजे कुठल्या चर्चचं, ते सांगत नाही, आणि खरं सांगायचं तर सांगायची गरजही नाही, बऱ्याच ठिकाणी हेच चालतं. उपासना संपली की आवारात टेबलं लागतात, द्राक्षाच्या पेट्या येतात, कांद्याच्या गोण्या, डाळिंबं, कोणीतरी गावठी कोंबडी पाय बांधून आणलेली असते, कोणाचा घरचा केक असतो, आणि मग चर्चसाठी लिलाव. एक डझन अंडी दोन हजाराला जातात, टाळ्या पडतात, माईकवरून बोली लावणाऱ्याचं नाव घेतलं जातं, साहेब हात वर करतात. आणि पैसे? पैसे वहीत. "लिहून ठेव रे बाळा, पुढच्या रविवारी देतो." वही घेऊन बसलेलं असतं बारावीतलं पोरगं. पुढचा रविवार जातो, नाताळ जातो, लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, सुरू होतो, वहीतल्या त्या नावापुढे टिकमार्क काही येत नाही, आणि गुड फ्रायडेला तेच साहेब येशूच्या वधस्तंभावरच्या सात शब्दांपैकी एका शब्दावर पुलपिटवरून डोळ्यात पाणी आणून बोलत असतात.

पोरगं काय बोलणार? काहीच बोलत नाही. पुढच्या वर्षी वही धरायला येत नाही, एवढंच. आणि आपण म्हणतो, क्लासेसमुळे हल्ली मुलांना चर्चला यायला वेळच नसतो.

बायबलमध्ये हे सगळं आहे हो. पहिला शमुवेल, अध्याय दोन, एकदा घरी काढून वाचा. शिलो इथे एली नावाचा म्हातारा याजक, त्याची दोन मुलं हफनी आणि फिनहास, तीही याजकच. लोक यज्ञाचं मांस शिजवत ठेवायचे आणि ह्यांचा नोकर तीन दातांचा आकडा घेऊन यायचा, भांड्यात खुपसायचा, वर येईल ते मांस ह्यांचं. कच्चं मागायचे, नाही दिलं तर जबरदस्तीने घेऊ अशी धमकी. म्हणजे लोकांनी श्रद्धेने आणलेल्या गोष्टीची ह्यांना काडीची किंमत नव्हती. बरं, एलीला हे माहीत नव्हतं असंही नाही, सगळं कानावर आलेलं होतं, त्याने बोलावून समजावलं पण, "मुलांनो, असं करू नका", आणि दोघांना त्याच जागेवर ठेवलं. आपल्याकडच्या कमिटीच्या मीटिंगसारखंच. समज दिली, मिनिट्समध्ये लिहिलं, विषय संपला.

आणि ह्याच सगळ्यात छोटा शमुवेल तिथे वाढत होता, तोही सगळं बघत होता. तो चांगला निघाला. पण गंमत अशी की त्याच पुस्तकाच्या आठव्या अध्यायात ह्याच शमुवेलाची मुलं, योएल आणि अबीया, बैरशेबात न्यायाधीश होऊन लाच खाताना दिसतात. म्हणजे चांगल्या बापाची मुलं चांगलीच निघतील असा काही फॉर्म्युला नाही, त्यामुळे मी तुम्हाला गॅरंटी वगैरे देत नाहीये. मोठ्यांनी नीट वागलं की पोरं सुधारतातच असं नाही, पण मोठेच वाईट वागले की पोरांना काही बोलायला आपल्याला तोंड राहत नाही, हे मात्र नक्की.

आता आपल्या शरणपूरची गोष्ट सांगते, कारण रोज शरणपूर रोडने जाणाऱ्यांना पण ती माहीत नसते. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने इथे ख्रिस्ती वस्ती वसवली होती. गुलामांचा व्यापार करणाऱ्या गलबतांवरून इंग्रजांच्या नौदलाने सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे आणली, शिकवली, हाताला सुतारकाम, लोहारकाम दिलं. ह्या नाशिकच्या पोरांपैकी काही 1866 मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन ह्या मिशनरी प्रवाशाबरोबर आफ्रिकेत गेली आणि त्याने वैतागून लिहून ठेवलंय की कामचुकार आहेत म्हणून. मग 1872 मध्ये त्याच शाळेतले अजून सहा जण त्याच्याकडे पोचले, त्यात जेकब वेनराईट होता. 1873 मध्ये लिव्हिंगस्टन मेला, आजच्या झांबियात, चितांबो नावाच्या सरदाराच्या गावी. त्याचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं, अंत्यविधीची प्रार्थना वाचली जेकबने, झाडावर अक्षरं कोरली त्यानेच. मग सुसी आणि चुमा ह्या त्याच्या जुन्या आफ्रिकन सोबत्यांच्या पुढारपणाखाली ही सगळी माणसं तो देह मीठ लावून, उन्हात वाळवून, किनाऱ्यापर्यंत घेऊन गेली, दीड हजार किलोमीटरच्या वर, महिनोन् महिने, रस्त्यात आजारपण, उपासमार, लोकांचा विरोध. एप्रिल 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा शवपेटी धरणाऱ्यांत आपला हा शरणपूरचा जेकब होता.

ह्यातली साहेबावरची निष्ठा किती गोड मानायची हा वेगळा प्रश्न आहे. ज्यांना कोणीतरी पकडलं, कोणीतरी सोडवलं, कोणीतरी इथे आणलं आणि कोणीतरी परत पाठवलं, अशी ती मुलं होती, त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. पण मला वेगळंच दिसतं. शाळा तीच, पाठांतर तेच, प्रार्थना त्याच. 1866 ला हाकायला साहेब होता, 1873 ला साहेब मेलेला होता आणि पुढे काय करायचं हे ठरवणं त्यांच्या हातात होतं. माझं आपलं मत आहे, इतिहासवाल्यांनी वाद घालावा.

आणि आपण पोरांच्या हातात काय देतो? प्रेषित पौलाने त्याचा तरुण सोबती तीमथ्य ह्याला लिहिलंय ना, कोणी तुझे तारुण्य तुच्छ मानू नये, पहिलं तीमथ्य चार बारा. तरुणांच्या प्रत्येक कॅम्पच्या बॅनरवर हे वचन असतं, टी-शर्टवर असतं. तीमथ्यावर एका मंडळीचा कारभार होता हो! आपल्या तरुणांवर काय असतं, तर नाताळला स्टार लावणं, कॅरल राऊंडला गिटार, आणि प्रीतीभोजनाला वाढपी. पास्टोरेट कमिटीत, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या कमिटीत, नाव सुचवलं की लगेच, "अजून लहान आहे, लग्न होऊ दे."

एक गोष्ट मात्र इथे स्पष्ट बोलते, घरी मुलं असतील तरी रेडिओ बंद करू नका. मोठ्यांपैकी कोणी लहान मुलाशी किंवा मुलीशी वाईट वागलं असं कळलं, तर "मंडळीची बदनामी होईल, आपण आपसात मिटवू" हे चालणार नाही, कायद्यानेच चालणार नाही. 2012 चा पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा आहे, कळलेल्या माणसाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग तो पाळक असो, शिक्षक असो, शेजारी असो. कॅथलिक चर्चमध्ये तर पोप फ्रान्सिसनी 2019 मध्ये नियमच केला की फादर, सिस्टर ह्यांना अशी गोष्ट कळली तर त्यांनी वरिष्ठांकडे कळवलीच पाहिजे. चाईल्डलाईनचा नंबर 1098, फुकट आहे, चर्चच्या नोटीस बोर्डावर लावा, उपासनेच्या वेळापत्रकाच्या शेजारी.

आणि नोटीस बोर्डाचा विषय निघालाच आहे तर महिन्याचा हिशोब पण तिथेच लावा. दान किती आलं, लाईट बिल किती, सुगीच्या लिलावाचं येणं किती, नावासकट. आपली बरीच चर्चेस ट्रस्ट म्हणून रजिस्टर आहेत, 1950 च्या सार्वजनिक ट्रस्टच्या कायद्याखाली हिशोब ठेवणं, तपासून घेणं हे तसंही करावंच लागतं, मग लपवायचं काय? पौलसुद्धा यरुशलेमसाठी वर्गणी गोळा करत होता तेव्हा एकट्याने पैसे नेले नाहीत, तीत ह्या आपल्या सहकाऱ्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेली माणसं दिली, कोणी बोट दाखवू नये म्हणून, दुसरं करिंथ आठव्या अध्यायात आहे. खुद्द पौलाला साक्षीदार लागले. आपल्या खजिनदारांना मात्र लगेच राग येतो, "माझ्यावर विश्वास नाही का?"

मी हे एकदा एका ज्येष्ठांना सुचवलं, की उपासनेनंतर वेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या आतल्या खोलीत, दान मोजायला तरुण संघाचे दोन जण बसवा, रजिस्टरवर त्यांची पण सही घ्या. ते म्हणाले, "पोरांच्या हातात पैसा कशाला द्यायचा?" त्यांचाच नातू, बावीस-तेवीस वर्षांचा, इथेच एका बँकेत कॅशियर आहे, सोमवार ते शनिवार काउंटरवर लाखांची रोकड मोजतो. मी म्हटलं, काका, मग रविवारी त्याच्या हाताला काय होतं?