अलिबागचा चुंबक आणि सूर्याची खबरबात

श्रोतेहो, नमस्कार.

अलिबागला आपण जातो ते समुद्रासाठी, ओहोटी लागली की कुलाबा किल्ल्यात चालत जाण्यासाठी. तिथे किनाऱ्याजवळच एक चुंबकीय वेधशाळा आहे, आणि तिच्या आवारात लोखंडाला मज्जाव आहे. कारण आत टांगलेला चुंबक फार हळवा. पृथ्वीचं चुंबकत्व किंचित हललं तरी तो हलतो.

ही वेधशाळा मूळची मुंबईतल्या कुलाब्याची. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असं ठरलं, त्यांच्या विजेनं नोंदी बिघडल्या असत्या, म्हणून १९०४ मध्ये चुंबकाचं काम अलिबागला हलवलं. किती दूरदृष्टीचा निर्णय!

पण मला सांगायची आहे ती त्याआधीची, कुलाब्यातली हकिकत. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हे खगोलनिरीक्षक सूर्यावरच्या डागांचं चित्र काढत होते. अचानक त्या डागांवर लख्ख उजेड फुटला आणि काही मिनिटांत विझला. साडेसतरा तासांनी सूर्यावरून उधळलेला विद्युतभारित कणांचा लोट पृथ्वीवर आदळला आणि तिचं चुंबकत्व डळमळलं; यालाच चुंबकीय वादळ म्हणतात. कुलाब्यात तेव्हा यंत्राजवळ बसून डोळ्यांनी आकडे वाचायचे आणि हातानं वहीत उतरवायचे. त्या दिवशी पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आकडा घसरत घसरत सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी (नॅनोटेस्ला हे चुंबकत्व मोजायचं एकक) खाली गेला. त्या महावादळाचा जोर मोजायला आजचे शास्त्रज्ञ याच वहीकडे वळतात. ज्यांनी ती लिहिली, त्यांचे आपल्यावर फार उपकार आहेत.

तेव्हा तारायंत्रं बिघडली. आज वीज आहे, उपग्रह आहेत. मार्च १९८९ मध्ये अशाच वादळानं कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातले साठ लाख लोक नऊ तास अंधारात होते.

म्हणून आता पहारा वाटेतच बसवला आहे. आपलं आदित्य-एल१ हे यान ६ जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेला फिरतं आहे. तिथे ग्रहण नाही, रात्र नाही. सूर्य सतत समोर. त्यावरची अतिनील किरणांत सूर्याची छायाचित्रं घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत घडली. सूर्याकडून निघालेले कण आधी यानाला गाठतात, मग अर्ध्या-पाऊण तासानं पृथ्वीला. तेवढ्या वेळात वीजकेंद्रांना आणि उपग्रह सांभाळणाऱ्यांना सावध करता येतं.

१० मे २०२४ च्या रात्री वीस वर्षांतलं सर्वांत मोठं वादळ आलं. लडाखमध्ये हानलेच्या वेधशाळेवरचं आकाश तांबडं झालं. आणि इकडे, लाटांच्या आवाजात, अलिबागच्या नोंदीची रेघ खाली खाली येत होती.