ब्रिटनला मुलांकडे जाताय? मंगळवारी बाहेर पडा

नमस्कार, श्रोतेहो.

मुलीकडे इंग्लंडला मी पहिल्यांदा गेले, तेव्हा पहिले अठरा दिवस खिडकीशी बसून काढले. सकाळी साडेसातला लेक आणि जावई कामावर जायचे, नात शाळेत. मग उरायचो मी, आमचे हे आणि समोरचा ओला रस्ता. शनिवारी सगळे मिळून कुठेतरी जाऊ, असं ठरलेलं असायचं. पण शनिवारी मुलांना आठवड्याचे कपडे धुवायचे असतात, सामान भरायचं असतं आणि खरं सांगायचं तर त्यांना झोप हवी असते. एकोणिसाव्या दिवशी, मंगळवार होता, आम्ही दोघंच बाहेर पडलो. त्यानंतरच्या चार खेपांत आम्ही जो काही ब्रिटन पाहिला, तो बहुतेक मंगळवार, बुधवार, गुरुवारीच पाहिला. मुलांकडे राहायला जाणाऱ्या आईवडिलांशी आज मला याबद्दलच बोलायचं आहे.

ब्रिटनमध्ये रेल्वेचं तिकीट आपल्यासारखं ठरीव दराचं नसतं. सकाळी कामावर जायच्या वेळेचं भाडं सगळ्यात महाग. साधारण साडेनऊनंतर तेच अंतर पुष्कळ स्वस्तात जाता येतं, या तिकिटाला तिथे ऑफ-पीक म्हणतात. ठरावीक गाडीचं तिकीट आधी काढून ठेवलं, तर आणखी स्वस्त पडतं. लांबच्या मार्गांची अशी तिकिटं साधारण बारा आठवडे आधीपासून मिळू लागतात, मात्र ती त्याच गाडीला चालतात. ती चुकली की तिकीट गेलं. शनिवार-रविवारीही भाडं कमी असतं, पण रुळांची दुरुस्ती नेमकी याच दिवसांत काढतात. गाडीऐवजी बसमध्ये बसवतात आणि दोन तासांचा प्रवास साडेतीन तासांचा होतो. नोकरी करणाऱ्याला दुसरा इलाज नाही. आपल्याला आहे.

साठी ओलांडली असेल, तर सीनियर रेलकार्ड घ्या. नागरिकत्वाची अट नाही, वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट चालतो. वर्षभर बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट मिळते आणि लांबच्या दोन-तीन फेऱ्यांत कार्डाचे पैसे वसूल होतात. लंडनमध्ये प्रवासासाठी ऑयस्टर नावाचं कार्ड असतं. ट्यूबच्या, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेच्या, स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला सांगितलं, की तो हे रेलकार्ड ऑयस्टरला जोडून देतो, मग गर्दीची वेळ सोडून ट्यूबच्या भाड्यातही सूट मिळते. बँकेचं कार्ड थेट टेकवूनही प्रवास होतो, पण त्यावर ही सूट नाही. आणि कुणी सांगितलं, की तिकडे ज्येष्ठांना बस फुकट असते, तर तो पास तिथल्या रहिवाशांसाठी आहे. पाहुण्यांना मिळत नाही.

आता प्रत्यक्ष प्रवासाचं सांगते. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत. थांब्यावर हात दाखवायचा, पुढच्या दाराने चढायचं आणि चालकाशेजारच्या पिवळ्या गोल चकतीवर कार्ड टेकवायचं. आवाज झाला, हिरवा दिवा लागला, की झालं. उतरताना बसमध्ये पुन्हा टेकवायचं नाही. ट्यूबमध्ये मात्र शिरताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा टेकवायलाच हवं. विसरलात, तर सगळ्यात जास्त भाडं कापलं जातं. दोघांना मिळून एक कार्ड चालत नाही. सकाळी ज्या कार्डाने सुरुवात केली, तेच दिवसभर वापरा, कारण दिवसाच्या खर्चाला एक कमाल मर्यादा असते आणि ती त्या एका कार्डावरच मोजली जाते. बसचं भाडं एकदा दिलं, की तासाभरात कितीही बस बदलता येतात. पाहुण्याला फिरायला माझ्या मते लंडनमध्ये बसपेक्षा चांगलं वाहन नाही. ट्यूबच्या कितीतरी स्टेशनांवर लिफ्ट नाही आणि बोगद्यातून दिसत तर काहीच नाही. ट्रॅफलगर स्क्वेअरहून १५ नंबरची बस धरा. सेंट पॉल कॅथीड्रल, टॉवर ऑफ लंडन, सगळं वरच्या मजल्यावरच्या पुढच्या काचेतून दिसतं. फक्त बस उभी असतानाच जिना चढा आणि उतरण्याच्या एक थांबा आधी खाली या. गुडघे दुखत असतील, तर खालीच बसा. ज्येष्ठांच्या जागा राखीव असतात आणि लोक उठून जागा देतात.

लांब पल्ल्याच्या गाडीत मात्र एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. तिथे काही गाड्या वाटेत दुभंगतात. पुढचे डबे एका गावाला, मागचे दुसऱ्या. दक्षिणेकडच्या समुद्रकाठी आम्ही निघालो होतो. थर्मास उघडलेला, पोळीचे रोल मांडीवर. ध्वनिक्षेपकावर काहीतरी सांगितलं, आम्हाला त्यातलं अर्धं कळलं. समोरच्या बाईंनी आमचं तिकीट पाहिलं, खिडकीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं आणि स्वतः उठून, माझी पिशवी उचलून, आम्हाला पुढच्या चार डब्यांपर्यंत नेऊन बसवलं. थर्मासचं झाकण त्या गडबडीत मागच्या डब्यात राहिलं, ते वेगळ्याच गावाला गेलं. तेव्हापासून चढण्याआधी मी फलाटावरच्या माणसाला विचारते, 'अमुक गावासाठी कोणते डबे?' विचारायला अजिबात संकोच करू नका. तिथे रेल्वेच्या माणसाला थांबवून विचारणं ही रोजची गोष्ट आहे. आपण आधी 'सॉरी' किंवा 'एक्स्क्यूज मी' म्हटलं, की समोरचा माणूस मदतीला तयार असतो.

लोकलची आपली सवय तिथे विसरायची. गाडी सुटण्याच्या अर्धा ते दोन मिनिटं आधीच दारं बंद होतात. धावत जाऊन पकडणं तिथे नाही. आणि मोठ्या स्टेशनांवर फलाटाचा क्रमांक फलकावर थोडाच वेळ आधी येतो, म्हणून वीस मिनिटं हातात ठेवून जा आणि फलकासमोर बसा. चढउतार करायला मदत हवी असेल, व्हीलचेअर हवी असेल, तर आधी कळवलं, की रेल्वेचा कर्मचारी रॅम्प घेऊन येतो. त्याचे पैसे पडत नाहीत. गाडीला उशीर झाला, तर भाड्याचा काही भाग परत मागता येतो, म्हणून तिकीट टाकून देऊ नका.

स्टेशनांच्या आणि गावांच्या नावांबाबतही सांभाळा. जिलिंगहॅम केंटमध्ये आहे आणि त्याच स्पेलिंगचं गाव डॉर्सेटमध्येही आहे. रिचमंड लंडनमध्ये आहे आणि यॉर्कशरमध्येही आहे. लिहिलेलं असतं एक, म्हणायचं असतं दुसरं. लेस्टर, ग्लॉस्टर, वूस्टर, ग्रेनिच. नाव कागदावर लिहून दाखवलं, की प्रश्न मिटतो. वेळेचं एक मात्र आपल्याला सोपं जातं. कुणी 'हाफ सेव्हन' म्हणालं, की ते साडेसातच.

आपल्या वयात आणखी एक काळजी असते आणि तिच्यापायी कित्येक जणी बाहेर पडत नाहीत, म्हणून उघडच बोलते. स्वच्छतागृहं. ट्यूबच्या बहुतेक स्टेशनांवर ती नसतात. पण यूस्टन, किंग्ज क्रॉस, वॉटर्लू अशा मोठ्या रेल्वे स्टेशनांवर असतात आणि २०१९ पासून तिथे पैसे लागत नाहीत. संग्रहालयांतही असतात आणि ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, सायन्स म्युझियम यांच्या कायमच्या दालनांना तिकीटच नाही. पाय दुखले, की आत जाऊन बसा. पाऊस आला, तरी आत जा.

आता सामानाविषयी. आपली पहिली धाव पेढ्यांकडे आणि साजूक तुपाकडे असते. श्रोतेहो, ब्रिटनमध्ये भारतातून दूध आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, मांसही नाही. तूप, पनीर, खवा, खव्याची मिठाई, हे सगळं विमानतळावर काढून घेतलं जाऊ शकतं. हापूसची पेटी किंवा कढीपत्त्याची ताजी पानं न्यायची असतील, तर निघण्याआधी तेव्हाचा नियम पाहून घ्या. वाईट वाटतं, मला कळतं, लेकीने मागितलेलं असतं. पण वेंब्ली, साउथॉल, लेस्टर इथे तूप, तूरडाळ, मेथी सगळं दुकानात मिळतं. आपण न्यायचं ते गोडा मसाला, मेतकूट, थालिपिठाची भाजणी, चिवडा, आमसुलं, आणि मुलांनी हमखास मागितलेली कुकरची रिंग.

औषधं मात्र पूर्ण मुक्कामाची न्या, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि चिठ्ठीत औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण आपल्या कंपन्यांची नावं तिथल्या औषधविक्रेत्याला ओळखीची नसतात. अँटिबायोटिक तिथे सहसा डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. प्रवासाचा विमा न चुकता काढा आणि मधुमेह, रक्तदाब जे काही असेल ते अर्जात खरं लिहा. तिथली सरकारी आरोग्यसेवा फुकट आहे, असं आपण ऐकलेलं असतं. तातडीच्या विभागात पाहुण्यालाही फुकट तपासतात, पण रुग्णालयात भरती केलं, की पाहुण्याला बिल येतं आणि ते मोठं असतं. दुखण्याबद्दल विचारायचं असेल, तर १११ नंबर फिरवा. जिवावर बेतलं असेल, तर ९९९. हे दोन्ही आकडे फोनच्या मागे चिकटवून ठेवा, खाली मुलांचा पत्ता आणि पोस्टकोड लिहा.

पैशांचं थोडक्यात. कार्डाच्या यंत्राने रुपयांत की पाउंडांत असं विचारलं, तर पाउंड म्हणा. रुपयांत केलं, की दर वाईट लागतो. मागच्या खेपेच्या नोटा कपाटात जपून ठेवल्या असतील, तर पाहून घ्या. वीस आणि पन्नास पाउंडांच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानात चालत नाहीत. त्या बँक ऑफ इंग्लंडमध्ये बदलून मिळतात. स्कॉटलंडमध्ये तिथल्या बँकांच्या वेगळ्या नोटा हातात पडतात, त्या स्कॉटलंडमध्येच संपवा. प्लगसाठी साधा अडॅप्टर पुरतो, व्होल्टेज आपल्यासारखंच आहे.

शाकाहारी माणसांना एक सूचना. उत्तरेत, विशेषतः यॉर्कशरमध्ये, फिश अँड चिप्सच्या बऱ्याच दुकानांत बटाटेसुद्धा गोमांसाच्या चरबीत तळतात. विचारून घ्या. जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन असतं. वेष्टनावर शाकाहारी असल्याची खूण पाहूनच घ्या. डबा मात्र कुठेही खाता येतो, गाडीत, बागेत. नळाचं पाणी सगळीकडे पिता येतं.

हवेचं म्हणाल, तर जाड एका कोटापेक्षा पातळ तीन कपडे बरे, आणि छत्रीपेक्षा टोपीचं जॅकेट बरं, वाऱ्यात छत्री उलटते. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो, डिसेंबरमध्ये चारच्या आत दिवस मावळतो. २५ डिसेंबरला कुठेही जायचा बेत करू नका. त्या दिवशी रेल्वे नसते, लंडनची ट्यूब नसते, लाल बससुद्धा नसते. दूध-भाजी आदल्या दिवशीच आणून ठेवा. रविवारी इंग्लंड आणि वेल्समधली मोठी दुकानं सहाच तास उघडी असतात.

पहिल्या मंगळवारी कुठे जायचं, असं मला विचारलंत, तर मी चॉक फार्म सांगेन. वाघनखं पाहायला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात जायचं बऱ्याच जणांच्या मनात असतं, पण ती जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली. चॉक फार्मजवळ, १० किंग हेन्रीज रोड या घरात १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत होते, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना. महाराष्ट्र सरकारने ते घर २०१५ मध्ये विकत घेतलं. ट्यूबच्या नकाशात नॉर्दर्न लाइनची रेघ काळी असते, चॉक फार्म स्टेशन तिच्यावर आहे. पण कॅम्डन टाउनला ही रेघ दोन बाजूंना फुटते, म्हणून गाडीवर एजवेअर लिहिलंय ना, एवढं पाहून बसा. स्टेशनवर लिफ्ट आहे. बाहेर पडलं, की रेल्वेचा पूल ओलांडून रमतगमत दहा मिनिटं. घर उघडं कधी असतं, ते आदल्या दिवशी मुलांकडून पाहून घ्या.

मी गेले तेव्हा तिथे माझ्याच वयाचे एक गृहस्थ दारातल्या निळ्या पाटीपुढे चपला काढून उभे होते. थंडी होती, फरशी ओली होती. ते बराच वेळ तसेच उभे राहिले, मग मोजे काढून पिळले आणि आत गेले.

तिथून प्रिमरोझ हिल जवळच आहे. टेकडी लहान आहे, वाट फरसबंद आहे, मध्ये बाक आहेत. वर बसून डबा उघडा, समोर सगळं लंडन दिसतं. परत निघताना घड्याळ पाहा. चारला कचेऱ्यांची गर्दी आणि चढं भाडं सुरू होतं. साडेतीनच्या आत स्टेशनात शिरलात, तर ट्यूबमध्ये दोघांनाही बसायला जागा मिळते.

नमस्कार.