उभ्या गाडीला बसलेला धक्का

(पुण्यातील एका गृहनिर्माण सोसायटीत रहिवाशांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, परवा पहाटे आपल्याकडे पाण्याचा टँकर मागे घेताना बी विंगमधल्या ताईंच्या गाडीला लागला. ताई सकाळी खाली आल्या तेव्हा मागच्या बंपरावर वीतभर ओरखडा होता. त्यांनी ओल्या फडक्यानं पुसला, तर निम्मा निघूनही गेला. "फार काही नाही" म्हणून त्या ऑफिसला निघणारच होत्या. मी दूध आणायला खाली उतरलो होतो. मी म्हटलं, ताई, आज रिक्षानं जा, गाडी जागची हलवू नका. तेवढ्यावरून सेक्रेटरीसाहेबांनी आज मला इथं बोलायला उभं केलं आहे.

मी एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत शिकाऊ म्हणून लागलो आणि सगळी नोकरी बसच्या बॉडीखाली काढली. अपघाताची बस आली की आमचे मिस्त्री आम्हा पोरांना लगेच पाना हातात घेऊ देत नसत. आधी गाडीभोवती फिरायचं, खाली वाकायचं, मग छोट्या हातोडीनं एकेक रिव्हेट वाजवत जायचं. घट्ट बसलेला रिव्हेट खणखणीत वाजतो, ढिला झालेला बद्द वाजतो. पत्रा वरून सरळ दिसत असला तरी आवाज फसवत नाही. ती सवय मला आजही सोडवत नाही.

चालत्या गाडीला धडक बसते तेव्हा आत माणूस असतो. धक्का कुठून आला, किती जोराचा होता, स्टिअरिंग कुठं ओढलं गेलं, हे तो सांगतो. उभ्या गाडीत कोणी नसतं. इग्निशन बंद असतं, त्यामुळं एअरबॅगचा संगणकही जागा नसतो. झालेल्या गोष्टीची खूण उरते ती फक्त गाडीवर आणि तिच्याखालच्या जमिनीवर. गाडी सुरू करून बाजूला घेतली की जमिनीवरची खूण आपल्याच हातानं पुसली जाते. म्हणून माझं पहिलं कळकळीचं सांगणं, किल्ली खिशात ठेवा आणि आधी खाली बघा.

ताईंच्या गाडीखाली मागच्या चाकांजवळ वाळलेल्या चिखलाची ढेकळं पडली होती. पावसाळ्यात मडगार्डच्या आत, चासीच्या कोपऱ्यांत चिखल साचून वाळतो आणि महिनोन्‌महिने तसाच राहतो. जोराचा हादरा बसला की तो तुटून खाली येतो. पुढच्या चाकांजवळ एकही ढेकूळ नव्हतं. दुसरं म्हणजे चारही टायरांच्या मागं फरशीवर चार-चार बोटांची स्वच्छ पट्टी दिसत होती, बाकी सगळीकडे धूळ. म्हणजे हँडब्रेक लावलेली, गिअरमध्ये टाकलेली, टनभर वजनाची गाडी चार बोटं पुढं सरकली होती. एवढा जोर लागला आणि नुकसान मात्र फडक्यानं पुसलं जाणारं, हे मला पटेना.

ओल असेल तर तीही पारखून घ्या. एसीचं पाणी एसी चालू असतानाचं असतं. रात्रभर बंद असलेल्या गाडीखाली सकाळी ताजं ओघळत असेल तर ते दुसरं काहीतरी आहे. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, हिरवं, गुलाबी किंवा नारिंगी असतं. ब्रेक ऑइल पातळ, पिवळसर आणि चाकाच्या आतल्या बाजूनं गळतं. कूलंट सांडलेलं दिसलं तर लगेच भरपूर पाण्यानं धुऊन टाका. ते गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात, आणि ते विष आहे.

आता बंपर. ज्याला आपण बंपर म्हणतो ते आजच्या गाड्यांत प्लॅस्टिकचं नुसतं आवरण आहे. त्याच्यामागं बहुतेक गाड्यांत लोखंडी आडवी पट्टी असते आणि ती चासीच्या दोन लांब दांड्यांना जोडलेली असते. धडक बसली की प्लॅस्टिक आत दबतं आणि परत फुगून जागेवर येतं. पट्टी मात्र दबली की दबलीच. वरून गाडी हसरी आणि आत बरगडी मोडलेली, असं होतं ते यामुळं. मोडलेल्या पट्टीची खरी काळजी पुढच्या धडकेत आहे. एकदा चेपलेली पट्टी दुसऱ्यांदा तेवढा जोर झेलत नाही, आणि तेव्हा मागच्या सीटवर मुलं बसलेली असू शकतात.

हे घरच्या घरी ओळखायला बोटं पुरतात. डिकीचं झाकण आणि बाजूचा पत्रा यांच्यातल्या फटीवरून बोट फिरवा, डावीकडं आणि उजवीकडं. एका बाजूला फट रुंद आणि दुसऱ्या बाजूला चिकटलेली असेल तर आतला सांगाडा सरकला आहे. मागची दारं उघडून सावकाश लावा. कालपर्यंत हलकं लागणारं दार आज ओढून घ्यावं लागत असेल तर ते लक्षात ठेवा. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये बोटं घाला. उजवीकडं चार मावतात आणि डावीकडं तीनच, तर शॉकअब्सॉर्बर किंवा एक्सलकडं बघावं लागेल. बोल्टाभोवतीचा कंपनीचा रंग तडकला असेल तर तो बोल्ट जागचा हलला आहे. मागून लागलेल्या गाडीत सगळ्यात जास्त बोलतो तो डिकीचा तळ. गालिचा काढा, स्टेपनी उचला आणि त्या खोलगट जागेत टॉर्च मारा. पत्र्याला सुरकुत्या पडल्या आहेत का, जोडावरचं सीलंट फाटलं आहे का, ते बघा. परवा ताईंची डिकी सामानानं गच्च भरली होती, म्हणून तेवढं राहिलं.

पुढून लागलं तर गोष्ट वेगळी, आणि ती माझ्या घरातच घडली आहे. माझ्या धाकट्या भावाची गाडी लग्नाच्या हॉलबाहेर उभी होती. कोणीतरी मागे घेताना तिला पुढून ठोकलं आणि निघून गेलं. नंबरप्लेट वाकली, तेवढीच. त्यानं हातानं सरळ केली. पुढच्या जाळीमागं आधी एसीचा कंडेन्सर असतो आणि त्याला लागून रेडिएटर. दोन्ही पातळ अॅल्युमिनियमचे. रेडिएटरला केसाएवढी चीर गेली होती. गावातल्या गावात गाडी ठीक चालली, थेंब-थेंब कूलंट जात राहिलं. तीन आठवड्यांनी आईला घेऊन साताऱ्याला निघाले आणि खंबाटकी घाटाच्या चढावर इंजिन तापून बंद पडलं. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालची सील करणारी पट्टी, गेलं होतं. मे महिना, दुपार, ट्रकांची रांग आणि गाडीत आई. तिला काही झालं नाही, पण ती दुपार आम्ही विसरलेलो नाही. त्यानं नंबरप्लेट सरळ करण्याआधी बॉनेट उघडून पाच मिनिटं टॉर्च मारली असती तर, हे मी त्याला कधी बोललो नाही. तुम्हाला मात्र सांगतो.

ऑटोमॅटिक गाडीवाल्यांनी एक नीट ऐका. गाडी पी मध्ये, म्हणजे पार्किंगच्या गिअरमध्ये, असते तेव्हा गिअरबॉक्सच्या आतला एक छोटा खटका दात्यात अडकून तिला धरून ठेवतो. हँडब्रेक लावला नसेल तर धडकेचा सगळा भार त्या खटक्यावर येतो. अशी गाडी हलवण्याआधी हँडब्रेक ओढा, पाय ब्रेकवर दाबून ठेवा आणि मगच गिअर काढा. खटका सुटताना मोठा आवाज आला तर टोइंगवाल्याला बोलवा. आणि रोज गाडी लावताना हँडब्रेक आधी, पी नंतर.

सीएनजी असेल तर मागची धडक कधीही किरकोळ धरू नका. टाकी डिकीत पट्ट्यांनी आवळलेली असते. डिकी उघडताच वास आला तर दिवा, स्विच, किल्ली, कशालाही हात लावू नका. हाताशी असेल तर टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा आणि माणसं लांब न्या. दर ३ वर्षांनी होणारी टाकीची तपासणी नुकतीच झाली आहे, एवढ्यावर निर्धास्त राहू नका. ती धडकेच्या आधीची आहे. विजेच्या गाडीची बॅटरी जमिनीलगत असते. तळाला मार दिसला किंवा नारिंगी केबल उघडी पडलेली दिसली तर चार्जिंगला लावू नका.

खाली सगळं ठीक वाटलं तरच इग्निशन चालू करा. एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. काही जुन्या गाड्यांत धक्क्यानं पेट्रोल तोडणारा स्विच असतो, त्यामुळं गाडी सुरू न होणं हीसुद्धा एक खूण आहे.

विम्याचं थोडक्यात. गाडी जागेवर असतानाच फोटो काढा, जमिनीसकट. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, त्याच दिवशी मागून घ्या. विमा कंपनी नुकसान बघायला पाठवते त्या सर्व्हेअरनं पाहण्याआधी डेंटिंगवाल्याकडं नेऊ नका. बंपर काढल्यावर आत आणखी मोडतोड निघाली तर काम थांबवून सर्व्हेअरला पुन्हा बोलवा, बिल झाल्यावर सांगून उपयोग होत नाही. छोट्या रकमेसाठी क्लेम करावा का, याचा हिशेब जरूर करा. सलग क्लेम न केल्यास नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यातली सवलत, २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढत जातो आणि एका क्लेमनं साधारणपणे तो जातो. पण तो हिशेब आतलं नुकसान कळल्यावर करायचा, ओरखडा बघून नाही.

आणि ज्यांच्या हातून दुसऱ्याच्या गाडीला लागतं, त्यांनाही सांगायचं आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं १३४ वं कलम फक्त माणसाला इजा झाली तरच लागू होतं, असं पुष्कळांना वाटतं. त्यात दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसानही आहे, आणि जवळ पोलीस नसेल तर २४ तासांच्या आत ठाण्यात कळवायचं आहे. कायदा बाजूला ठेवला तरी वायपरखाली नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी ठेवायला अर्धं मिनिट लागतं. माझ्या भावाला तशी चिठ्ठी मिळाली असती तर त्यानं बॉनेट उघडलं असतं. नुसती वाकलेली नंबरप्लेट बघून माणूस तसं करत नाही.

दुचाकींचं बोलायचं राहिलं आहे. रांगेत एक पडली की पाच पडतात, आणि मग हँडल, फोर्क, ब्रेकची लिव्हर हे सगळं बघावं लागतं. ते पुढच्या रविवारी एका पडलेल्या स्कूटरवरच दाखवतो, बोलून कळणार नाही.

आता सगळे खाली चला. ताईंनी डिकी रिकामी करून ठेवली आहे. टॉर्च माझ्याकडं आहे, स्टेपनी उचलायला दोघं जण या.