देवगिरीच्या किल्ल्या कोणाकोणाच्या हाती

मित्रहो, देवगिरीच्या पायथ्याशी उभे राहून वर पाहिले की पहिला प्रश्न मनात येतो तो हा, की असला किल्ला कोणी घेतला तरी कसा असेल? सुमारे २०० मीटर उंचीच्या सुट्या डोंगराची खालची अंगे चहूबाजूंनी तासून भिंतीसारखी उभी केलेली, भोवती कातळातच खोदलेला खंदक, आणि खंदकापलीकडे डोंगराच्या पोटातून वर चढणारी अंधेरी, म्हणजे काळोखी भुयारी वाट. या अंधेरीच्या वरच्या तोंडावर लोखंडी झाकण टाकून त्यावर विस्तव पेटवण्याची सोय होती. शत्रू आत शिरलाच, तर धुराने गुदमरावा. हा कडा चढून किल्ला जिंकल्याचा दाखला माझ्या तरी वाचनात नाही. धनी मात्र पुन्हा पुन्हा बदलले, आणि ते कसे बदलले हाच आजचा विषय आहे.

पाचव्या भिल्लमाने ११८७च्या सुमारास यादवांची राजधानी इथे आणली. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी काही हजार स्वारांनिशी अचानक समोर येऊन ठाकला, तेव्हा रामदेवरायाचे मुख्य सैन्य राजपुत्राबरोबर दूर गेलेले होते. राजा गडावर गेला. तवारिखांत, म्हणजे त्या काळच्या फारसी इतिहासग्रंथांत, हकीकत अशी आहे, की धान्याची म्हणून घाईघाईने वर चढवलेली पोती उघडून पाहिली, तर त्यांत मीठ निघाले. कडा शाबूत राहिला आणि राजाला खंडणी कबूल करावी लागली. पुढे वीस-बावीस वर्षांत यादवांचे राज्यच संपले.

मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये इथे राजधानी हलवून दौलताबाद हे नाव रूढ केले. त्या काळात येऊन गेलेला प्रवासी इब्न बतूता लिहितो, की वर जायला कातड्याची शिडी होती आणि ती रात्री वर ओढून घेत. तिथल्या तळघरात कैद्यांवर तुटून पडणारे उंदीर मांजरांहून मोठे होते, असेही त्याने तिथे कैदेत राहिलेल्या एकाकडून ऐकले. कैद्याच्या तोंडची गोष्ट थोडी फुगणारच. पण १३४७च्या सुमारास दख्खनच्या अमिरांनी बंड करून किल्ला आणि खजिना हाती घेतला, तेव्हा शिडी ओढणारे लोक आतलेच होते. सुलतानाने वेढा घातला खरा, पण गुजरातेत दुसरे बंड उठल्याने त्याला तिकडे जावे लागले, आणि बहमनी राज्य इथेच जन्मास आले.

अहमदनगरच्या निझामशाहीकडे किल्ला १४९९ मध्ये आला. आपल्याकडे त्या काळाची आठवण वेगळ्याच वाटेने टिकली आहे: एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी इथले किल्लेदार, आणि एका पैची चूक शोधत नाथांनी रात्र जागवली ती त्यांच्याच हिशेबाच्या चोपड्यांत, असे परंपरा सांगते. १६२९ मध्ये मात्र याच किल्ल्यावर निझामशहाच्या दरबारात लखुजी जाधवराव, मुले आणि नातू यांच्यासह, मारले गेले. सिंदखेडचे जाधव स्वतःला यादवांचे वंशज मानत. म्हणजे पूर्वजांच्या राजधानीतच हा घात झाला. चारच वर्षांनी, १६३३ मध्ये, मुघल सरदार महाबतखानाने सुरुंगाने बाहेरचा तट उडवला. वरचा डोंगर तेव्हाही अभेद्यच होता, पण आत उपासमार सुरू झाली होती. शहाजीराजांनी धान्य पोहोचवण्याचे प्रयत्न केले, ते फसले. आणि निझामशाहीचा वजीर मलिक अंबर याचा मुलगा फत्तेखान याने रोख रक्कम घेऊन किल्ल्या दिल्या. बालवयाचा निझामशहा ग्वाल्हेरच्या कैदेत गेला.

मुघलांनी या अभेद्यतेचा उपयोग तुरुंग म्हणून केला. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा अबुल हसन १६८७ नंतर मरेपर्यंत इथल्या चिनी महालात होता. १७२४ पासून किल्ला हैदराबादच्या निजामाकडे राहिला. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर तो मराठ्यांना मिळाला तोही तहात, आणि थोड्याच वर्षांत परत गेला. १९४८ मध्ये निजामाचे राज्यच भारतात विलीन झाले.

चिनी महालाजवळच्या बुरुजावर मागच्या टोकाला मेंढ्याचे मस्तक असलेली औरंगजेबाच्या काळातली तोफ आजही आहे. लोक तिला मेंढा तोफ म्हणतात; तिचे दुसरे नाव किला शिकन, म्हणजे किल्ला फोडणारी.